एकाने सांगितले, किती जणांनी ऐकले?



हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात हट्टा नावाचे गाव आहे. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास या भागातून प्रवास केलात, तर शिजणाऱ्या हळदीचा वास तुम्हांला रस्त्यावरच गाठील. शेतातून काढलेली हळद शिजवायची, उन्हात वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची आणि पोती भरून वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात न्यायची, हा इथला दरवर्षीचा क्रम. २०२४ साली ‘वसमत हळदी’ला भौगोलिक मानांकनही मिळाले.

हट्ट्याचा एक विद्यार्थी माझ्या वर्गात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याच्या घरच्यांनी एका वर्षी सगळी हळद बाजारात न नेता दोन क्विंटल हळकुंडे घरी ठेवली. मागणी येईल तशी ती दळायची, अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटे करायची आणि थेट गिऱ्हाइकाला विकायची, असा बेत होता. अन्नपदार्थ विकण्यासाठी लागणारी नोंदणी वडिलांनी करून घेतली. थोरल्या बहिणीने इन्स्टाग्रामवर एक पान उघडले, व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. दोन महिन्यांत पानाचे ४०० फॉलोअर झाले. पण हळद काही हलेना. आणि जूनच्या आत पैसा हातात येणे तर जरुरीचे होते. नव्या लागवडीचे बेणे आणि खत उधारीवर किती दिवस आणणार?

अशात कोणीतरी त्यांना सांगितले, की दोन हजार रुपये टाका, एका रात्रीत पाच हजार फॉलोअर वाढवून देतो. मुलगा तास संपल्यावर माझ्याकडे आला. म्हणाला, “सर, बाबा म्हणतात देऊन टाकू. ताई नको म्हणते. घ्यावेत का?”

मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. व्यापारातले मला फारसे कळत नाही. मी त्याला एवढेच म्हणालो, “घरी लुडोचा फासा असेल ना? तो उद्या घेऊन ये.”

त्या फाशाने आम्हांला जे शिकवले, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

साखळी कशी वाढते?

एका माणसाला एखादी गोष्ट आवडली, की तो ती दुसऱ्याला सांगतो. दुसरा तिसऱ्याला. पूर्वी हे पारावर आणि आठवडी बाजारात होई. आज ते मोबाइलवर होते. वेग वाढला, अंतर नाहीसे झाले. पण मूळ क्रिया तीच आहे. एकाकडून काही जणांकडे, त्या प्रत्येकाकडून आणखी काही जणांकडे.

ही क्रिया पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला चांगली ओळखीची असते. युरेनियम-२३५च्या अणुकेंद्रावर न्यूट्रॉन आदळला, की केंद्र दुभंगते आणि दोन किंवा तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांतले काही भट्टीबाहेर निसटतात, काही इतर पदार्थांत शोषले जातात आणि उरलेले पुढच्या केंद्रांवर आदळतात. हीच शृंखला-अभिक्रिया. १९४२ सालच्या डिसेंबरच्या २ तारखेला शिकागो येथे एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रथम ताब्यात ठेवून चालवून दाखवली. आपल्या देशात तुर्भे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टीत ती १९५६ सालच्या ४ ऑगस्टला सुरू झाली.

अणुभट्टी चालवणाऱ्याला मुख्यतः एका आकड्याची काळजी असते. एका विभाजनातून सरासरी किती *नवी विभाजने* घडतात? या आकड्याला आपण ‘गुणक’ म्हणू आणि ‘ग’ या अक्षराने दाखवू. आपल्या हळदीच्या बाबतीत ‘ग’ म्हणजे काय? एक गिऱ्हाईक सरासरी किती नवी गिऱ्हाइके आणते, तो आकडा. किती जणांनी व्हिडिओ पाहिला, किती जणांनी अंगठा दाखवला, हा तो आकडा नव्हे. न्यूट्रॉन किती सुटले हे जसे पुरेसे नसते, त्यांतले किती कामी आले हे पाहावे लागते, तसेच हे आहे.

करून पाहा

एक फासा, एक कागद आणि पेन्सिल घ्या. कागदाच्या वर मधोमध एक टिंब काढा. हे तुमचे पहिले गिऱ्हाईक. ते आपल्या तीन ओळखीच्यांना सांगते असे समजू. प्रत्येकासाठी फासा एकदा टाका, म्हणजे एकूण तीनदा.

पहिला खेळ: फाशावर १ पडला तरच ऐकणारा हळद घेतो, नाहीतर नाही. जितके घेणारे निघाले, तितकी टिंबे खालच्या ओळीत काढा. आता त्या प्रत्येक टिंबासाठी पुन्हा तीन-तीनदा फासा टाका. एखाद्या ओळीत एकही टिंब आले नाही, की साखळी संपली.

दुसरा खेळ: १ किंवा २ पडले तर घेतो.

तिसरा खेळ: १, २ किंवा ३ पडले तर घेतो.

पहिल्या खेळात ‘ग’ची किंमत ३ × १/६, म्हणजे ०.५ आहे. दुसऱ्यात ती १ आहे आणि तिसऱ्यात १.५. प्रत्येक खेळ वीस-वीस वेळा खेळा आणि दर वेळी एकूण टिंबे मोजून ठेवा. मित्राबरोबर बसलात तर तासाभरात हे उरकते.

तुम्हांला काय दिसेल ते आधीच सांगतो, म्हणजे ताळा पाहता येईल. पहिल्या खेळातल्या बहुतेक साखळ्या एक-दोन ओळींतच मरतील. दुसऱ्या खेळातल्या काही बऱ्याच लांबतील, पण शेवटी कधी ना कधी त्याही थांबतीलच. तिसऱ्या खेळात मात्र काही साखळ्या अशा सुटतील, की तुमचा कागद अपुरा पडेल.

एकाच्या अलीकडे आणि पलीकडे

आता थोडे गणित करू. ‘ग’ ०.५ आहे आणि पानावरची पोस्ट पाहून १०० गिऱ्हाइके आपणहून आली, असे समजा. ती ५० नवी आणतील, ते ५० आणखी २५ आणतील, ते २५ सरासरी साडेबारा. अशी बेरीज करत गेलात तर ती २०० च्या जवळ जवळ जाते, पण ओलांडत नाही. ही गुणोत्तर श्रेणी आहे आणि तिची बेरीज

एकूण गिऱ्हाइके = आपणहून आलेली ÷ (१ − ग)

या सूत्राने मिळते. ‘ग’ एकापेक्षा कमी असेल तरच हे सूत्र चालते, हे विसरू नका.

सूत्रात निरनिराळ्या किमती घालून पाहा. ‘ग’ ०.५ असेल तर शंभराचे २०० होतात. ०.८ असेल तर ५००. ०.९ असेल तर १,०००. ०.९५ असेल तर २,०००. ‘ग’ ०.८ वरून ०.९ झाला, म्हणजे दर दहा गिऱ्हाइकांमागे फक्त एक गिऱ्हाईक जास्त आले; आणि एकूण विक्री दुप्पट झाली! गंमत म्हणजे अणुभट्टी पुरती सुरू होण्यापूर्वी शास्त्रज्ञ हेच सूत्र वापरतात. भट्टीत न्यूट्रॉनांचा एक छोटा स्रोत ठेवलेला असतो. इंधन वाढवीत नेले, की न्यूट्रॉनांची संख्या १ ÷ (१ − ग) या प्रमाणात वाढत जाते आणि तिच्यावरून ‘ग’ एकाच्या किती जवळ आला हे कळते.

‘ग’ एकाच्या पलीकडे गेला तर? मग साखळी आपल्या बळावर वाढू लागते. यालाच लोक ‘व्हायरल झाले’ म्हणतात. पण ती कायमची वाढू शकत नाही. गावातल्या निम्म्या लोकांना बातमी आधीच कळलेली असेल, तर तीन जणांना सांगण्यातले दीड सांगणे फुकट जाते, १.५ चा ‘ग’ ०.७५ वर येतो आणि साखळी मंदावते. बेल्जियमचे गणिती व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ साली लोकसंख्येच्या वाढीसाठी अशाच थाटाचा नियम मांडला होता: आधी सावकाश, मग झपाट्याने, मग पुन्हा सावकाश.

प्रत्यक्षात ‘ग’ एकापलीकडे जाणे फार दुर्मिळ असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी ट्विटरवरच्या सुमारे १०० कोटी घटना तपासल्या. त्यांतल्या बहुसंख्य पहिल्या एक-दोन पायऱ्यांतच संपलेल्या होत्या. तेव्हा ‘व्हायरल’ होण्याची वाट पाहत बसणे म्हणजे विहीर न खणता पावसावर भिस्त ठेवणे. शहाण्याने एकाच्या अलीकडे राहूनच ‘ग’ हळूहळू वाढवावा. ०.४ चा ०.७ करणे हे माणसाच्या हातातले काम आहे.

गुणक मोजायचा कसा?

माझ्या विद्यार्थ्याने लगेच विचारले, “सर, पण आमचा ‘ग’ किती, हे कळणार कसे?”

ते फार सोपे आहे. वरचे सूत्र उलटे फिरवा. आपणहून आलेली गिऱ्हाइके ही एकूण गिऱ्हाइकांच्या (१ − ग) इतकी असतात. म्हणजे दुसऱ्याकडून ऐकून आलेली गिऱ्हाइके एकूण गिऱ्हाइकांच्या ‘ग’ इतकी! तेव्हा एक वही करायची आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचा: “आमच्याबद्दल तुम्हांला कोणी सांगितले?”

त्याच्या ताईने जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून ही माहिती गोळा केली. एकूण ६० गिऱ्हाइके. त्यांतली ३६ पान पाहून किंवा ग्रुपमधून आलेली, २४ कोणाच्या तरी सांगण्यावरून. २४ भागिले ६० म्हणजे ०.४. अर्थात ६० ही संख्या लहान आहे. फाशाच्या नशिबाने याच जागी ०.३ किंवा ०.५ ही येऊ शकले असते. पण अंधारात चाचपडण्यापेक्षा हे पुष्कळ बरे. शंभरामागे १६७ गिऱ्हाइके, एवढीच त्यांच्या साखळीची ताकद होती.

विकतचे फॉलोअर

आता दोन हजार रुपयांच्या प्रश्नाकडे वळू.

या समाजमाध्यमांच्या कंपन्या तुमची पोस्ट सगळ्या फॉलोअरांना दाखवीत नाहीत. त्यांचा संगणक आधी अंदाज करतो, की ही पोस्ट कोणाला रुचेल. काही जणांना ती दाखवतो. त्यांनी ती पूर्ण पाहिली का, काही लिहिले का, दुसऱ्याला पाठवली का, हे टिपतो. आणि प्रतिसाद चांगला असेल तर पुढच्या मोठ्या घोळक्याला दाखवतो. तपशील कंपनीगणिक वेगळे असतात आणि बदलतही राहतात. पण प्रतिसाद पाहून पुढे नेणे, हे तत्त्व सगळीकडे आहे.

समजा, ४०० खऱ्या फॉलोअरांपैकी दर शंभरांत १५ जण प्रतिसाद देतात. संगणकाने पोस्ट आधी १०० जणांना दाखवली, तर १५ प्रतिसाद येतील. आता ५,००० विकतचे फॉलोअर घाला. ही खाती बहुधा खोटी किंवा ओस पडलेली असतात; त्यांना ना हळद हवी असते, ना मिरची. एकूण झाले ५,४००. संगणकाने त्यांतले कोणतेही १०० उचलले, तर त्यांत खरे किती येतील? ४०० भागिले ५,४००, गुणिले १००. म्हणजे सुमारे ७. आणि त्या ७ जणांतून प्रतिसाद किती? सरासरी १! काल पंधरा माना डोलत होत्या, आज एक डोलते. संगणक समजतो, की या पोस्टमध्ये काही राम नाही.

म्हणजे दोन हजार रुपये देऊन आपणच आपल्या भट्टीत न्यूट्रॉन शोषणारा माल भरायचा! पानावरचा आकडा फुगेल, ‘ग’ खाली जाईल. शिवाय अशी खाती हुडकून काढून टाकण्याचे काम कंपन्या करीतच असतात. मुलाने हे गणित घरी जाऊन वडिलांना कागदावर मांडून दाखवले. ते थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हंजे खळ्यात भुसा मिसळून रास मोठी दाखवायची.” आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात याहून चांगली उपमा सापडणार नाही.

जवळचे आणि लांबचे

मग ‘ग’ वाढवायचा कसा? आपल्या फाशाच्या खेळात एक गोष्ट आपण गृहीत धरली होती. प्रत्येक टिंब तीन *नव्या* माणसांना सांगते, असे आपण मानले. हट्ट्यात तसे होत नाही. तुम्ही ज्या तिघांना सांगाल, ते तिघे एकमेकांनाही ओळखतात. बातमी त्याच पाच-पन्नास घरांत गोल गोल फिरते. शिवाय ज्याच्या स्वतःच्या शेतात हळद आहे, तो तुमची हळद कशाला घेईल?

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक लेख लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले होते, की ज्याने ही जागा सांगितली तो माणूस तुम्हांला किती वेळा भेटे? नेहमी भेटणाऱ्याने सांगितले, असे म्हणणारे १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणारा म्हणणारे ५५.६ टक्के आणि क्वचितच भेटणारा म्हणणारे २७.८ टक्के. म्हणजे नवी बातमी बहुतेक वेळा लांबच्या ओळखीतून येते. कारण उघड आहे. जवळच्या माणसाला जे माहीत असते, ते आपल्यालाही माहीत असतेच. लांबच्या ओळखीचा माणूस दोन वेगळ्या घोळक्यांना जोडणारा पूल असतो.

हट्ट्याचे असे पूल कोणते? लेकी दिलेली गावे, पुण्याला कामासाठी गेलेली मुले, नांदेडला शिकणाऱ्या मुली, बदली होऊन गेलेले गुरुजी. ताईने गावच्या ग्रुपवर रोज दहा पोस्ट टाकणे थांबवले आणि अशा वीस जणांना पन्नास-पन्नास ग्रॅमची पुडी पाठवली. सोबत एवढीच विनंती, की आवडली तर स्वयंपाक करणाऱ्या एकाच ओळखीच्या माणसाला सांगा.

दुसरे बदल तिने प्रयोगशाळेच्या शिस्तीने केले, म्हणजे एका वेळी एकच. आधी दोन आठवडे चांगली छायाचित्रे टाकली. वहीतला आकडा हलला नाही. मग विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर द्यायला सुरुवात केली. “काढणी कधीची?”, “किती दिवस टिकेल?”, “शिजवताना त्यात काय घालता?” अशा प्रश्नांना. आकडा हलला. मग आजीला कढईपाशी बसवून हळद शिजवण्याचा साधा व्हिडिओ काढला. आकडा आणखी हलला.

याचे नवल वाटायला नको. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार या गावच्या सुमन धामणे यांचे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. २०२० साली नातवाच्या मदतीने त्यांनी यूट्यूबवर ‘आपली आजी’ या नावाने पाककृती दाखवायला सुरुवात केली आणि लाखो लोक त्या पाहू लागले. पुढे त्यांच्या मसाल्यांनाही मागणी आली. घरची चूल, घरची भाषा आणि हातची सवय. पाहणाऱ्याला खात्री पटली, की तो दुसऱ्याला सांगतो. फाशावर कोणता आकडा ‘हो’ म्हणायचा, हे शेवटी विश्वास ठरवतो.

नशिबाचा वाटा

आणखी एक गोष्ट फासा शिकवतो. तिसऱ्या खेळात ‘ग’ १.५ होता, तरीही तुमच्या काही साखळ्या पहिल्या-दुसऱ्या ओळीतच मेल्या असतील. गणिताने ही संभाव्यता नेमकी काढता येते. साखळी मरण्याची संभाव्यता ‘म’ मानली, तर तिने (१/२ + म/२)चा घन = म हे समीकरण पाळले पाहिजे. याचे उत्तर √५ − २, म्हणजे सुमारे ०.२४ येते. शंभरांपैकी चोवीस साखळ्या, माल उत्तम असूनही, केवळ दुर्दैवाने मरतात! हा प्रश्न फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ साली वेगळ्याच रूपात विचारला होता. घराण्यांची आडनावे काळाच्या ओघात का नाहीशी होतात, असा त्यांचा प्रश्न होता. आणि हेन्री वॉटसन यांनी तो सोडवण्याची रीत दाखवली.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १४,३४१ जणांना अनोळखी गाणी ऐकवली होती. गाणी होती ४८. इतरांनी कोणती गाणी घेतली हे जेव्हा दिसू दिले, तेव्हा गाजलेली गाणी जास्तच गाजली. पण कोणते गाजेल हे घोळक्यागणिक बदलले. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत. मधल्यांचे मात्र काहीही झाले. म्हणून एका पोस्टवरून निकाल काढू नये. चोवीस टक्क्यांचे दुर्दैव एकदा येईल. ओळीने पाच वेळा येण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी आहे.

नियंत्रक दांडे

आता एक अवघड प्रसंग सांगतो.

हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कलीत तांबडे होते आणि आम्लात पुन्हा पिवळे. ताईने हळदीत भिजवून वाळवलेल्या कागदावर साबणाचे पाणी टाकले, तो तांबडा झाला. लिंबू पिळले, तो पुन्हा पिवळा झाला. हा व्हिडिओ लोकांना आवडला. मग एका नातेवाइकाने त्यावर आपल्या मनाने ओळ टाकली, ‘तांबडी झाली तरच हळद शुद्ध’, आणि तो पुढे पाठवला. आठवड्याभरात तो आधीच्या कोणत्याही व्हिडिओपेक्षा लांब गेला. मागणीही वाढली.

पण मित्रहो, ती ओळ खोटी होती. मेटॅनिल यलोसारखा रंग मिसळलेली हळदही साबणाने तांबडी होते, कारण तिच्यातही थोडी खरी हळद असतेच. या चाचणीवर भरवसा ठेवून कोणी भेसळीची हळद मुलांना खाऊ घातली तर? मुलगा म्हणाला, “सर, खोटे आम्ही नाही लिहिले. विक्री तर होतेय. राहू द्यावे का?”

मी त्याला राईनपाड्याची आठवण दिली. २०१८ सालच्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या या गावात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. प्रत्येक पाठवणाऱ्याला वाटले असेल, की आपण सावध करीत आहोत. भीती आणि आश्चर्य यांचा ‘ग’ नेहमीच मोठा असतो. खरेखोटे तपासण्याआधीच बोट दाबले जाते.

अणुभट्टीत कॅडमियमसारख्या न्यूट्रॉन शोषणाऱ्या पदार्थाचे दांडे ठेवलेले असतात. ‘ग’ वाढू लागला, की ते आत सरकवतात. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. २०२० सालच्या एप्रिलमध्ये, आधीच पुष्कळ वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असे केले. त्यानंतर अशा निरोपांची संख्या ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. तीनदा फासा टाकण्याऐवजी एकदाच टाकू दिला, तर साखळीचे काय होईल हे तुम्ही आता स्वतः सांगू शकाल.

कंपनीचा दांडा बाहेरचा. एक दांडा आपल्याही हातात असतो. ताईने त्याच रात्री नवा व्हिडिओ टाकला: ‘या प्रयोगाने हळदीचा गुणधर्म कळतो, शुद्धता कळत नाही. शुद्धता प्रयोगशाळेत तपासावी लागते.’ नातेवाइकाला फोन करून ती ओळ काढायला लावली. ‘हळदीने अमुक रोग बरा होतो’ असे लिहा, असा सल्लाही तिला कोणी दिला होता. तोही तिने मानला नाही. रोग बरे करण्याच्या खोट्या जाहिरातींना १९५४ सालच्या कायद्याने बंदी आहे, हे तर खरेच; पण कायदा नसता तरी ते चूकच ठरले असते.

दुरुस्तीचा व्हिडिओ फार लांब गेला नाही. मागणी थोडी उतरली. पण ग्रुपमधल्या एका बाईंनी लिहिले, की खोटे कबूल करणारा दुकानदार प्रथमच पाहिला.

वही काय म्हणाली?

मेच्या अखेरीस मुलाने वही माझ्यापुढे ठेवली. दुरुस्तीनंतरच्या काळात ९० नवी गिऱ्हाइके आली होती. त्यांतली ६३ कोणाच्या तरी सांगण्यावरून. ‘ग’ झाला होता ०.७. शंभरामागे १६७ ऐवजी ३३३, म्हणजे साखळीची ताकद बरोबर दुप्पट. फॉलोअर? ४०० चे ५२० झाले होते, एवढेच. दोन क्विंटलांपैकी सुमारे दीड क्विंटल हळद गेली; उरलेली हळकुंडे वडिलांनी वसमतच्या बाजारात घातली. बेण्याचे आणि खताचे पैसे जूनच्या आत उभे राहिले. फार मोठे यश म्हणता येणार नाही. पण ते खरे होते आणि पुढच्या वर्षी मोजता येण्यासारखे होते.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी दुकान असेल, पापडाचा किंवा शिवणाचा उद्योग असेल, तर मोठ्या माणसांच्या संमतीने अशी वही करून पाहा. आकडा किती मोठा आहे हे विचारू नका. एकाने किती जणांना आणले हे विचारा. आणि जे आणले ते खऱ्याच्या बळावर आणले का, हेही विचारा.

सोडवून पाहा

१. एका घराच्या पापडांना ८० गिऱ्हाइके मिळाली. त्यांतली २० जाहिरात पाहून आली, बाकीची ऐकून. ‘ग’ किती? (उत्तर: ०.७५)

२. ‘ग’ ०.७५ असताना जाहिरातीने आणखी १० गिऱ्हाइके आणली, तर एकूण किती वाढतील? (उत्तर: ४०)

३. फाशाचा तिसरा खेळ असा खेळा, की प्रत्येक टिंबाला फासा तीनदा न टाकता एकदाच टाकता येईल. ‘ग’ किती? अशा वीस साखळ्यांत सर्वांत लांब साखळी किती ओळींची निघाली, ते वहीत लिहून ठेवा.